हिरवा दोनशे

सरळ काम करायचा परेशला भारी कंटाळा. चारोटी नाक्यावर फरसाणच्या दुकानाच्या माळ्यावर त्याचं दोन टेबलांचं ऑफिस. काम काय, तर डोळ्यांच्या शिबिराची गाडी निघाली की पाड्यावरच्या पेशंटला आपोआप फोन गेला पाहिजे: तयार व्हा, फाट्यावर या. त्याची एपीआय, म्हणजे यादीवरून फोन लावणारा प्रोग्राम, परेश लिहीत होता आणि कॉम्प्युटरवरच्या एका टूलमधून तपासत होता. टूलमध्ये एपीआयचा इंटरनेटवरचा पत्ता टाकायचा, पेशंटचा नंबर टाकायचा, सेंड दाबायचं. सगळं ठीक असेल तर खाली हिरवा दोनशे उमटतो. म्हणजे पोचलं.

आता तपासायला खोटा पेशंट हवा. दुसरा कोणी 'अबक' लिहून मोकळा झाला असता. परेशने खऱ्या यादीतली एक ओळ उचलली, नाव बदलून पाड्याच्या नावावरून 'मिस सायवन' केलं, नंबर तसाच ठेवला, आणि फोनवर वाजायला स्वतःच्या आवाजात रेकॉर्डिंग केलं: "नवरीबाई, नटूनथटून या, वरात निघाली." शेवटी त्याला हसू आवरलं नव्हतं, तेही तसंच ठेवलं. भीती कसली? वरच्या कोपऱ्यात 'टेस्ट' निवडलेलं होतं, आणि टेस्टमधून खरा फोन जात नाही. आठवडाभर तो सेंड दाबत होता आणि हिरवा दोनशे बघून चहा मागवत होता.

खरी गाडी निघाली त्या दिवशी ड्रायव्हर प्रविणचा फोन आला.

"परेशभाई, सायवनची सोनीबाई येत नाय. ऑपरेशन आहे तिचं आज."

"फोन गेला नाही तिला?"

"गेला ना. सून सांगते, म्हातारीने हसून ठेवून दिला. बोलली, आज नाय फसायची. रोज काय ती वरात. कसली वरात रे?"

 परेशने टूल उघडलं. कोपऱ्यात 'टेस्ट' अगदी ठळक दिसत होतं. पण 'मिस सायवन'च्या फोनसाठी पत्त्याच्या रकान्यात, पहिल्या दिवशी घाईघाईत, त्यानेच लाईव्हचा, म्हणजे खरे फोन लावणारा, अख्खा पत्ता हाताने चिकटवला होता. तिथे कोपऱ्याला कोणी विचारत नव्हतं. खाली हिरव्या दोनशेंची रांग. आणि 'मिस सायवन'चा नंबर सोनीबाईचा.

"पुढचे पाडे करून तू त्याच फाट्यावरून परत येणार ना? थांब तिथे."

"थोडा वेळ थांबेन. आज राहिली तर मग पुढचं शिबिर दिवाळीनंतर, भाई."

परेशने बाईक काढली. सायवन येईपर्यंत त्याच्याकडे तीन थापा तयार होत्या: मशीन बिघडलं, नेटवर्क गडबडलं, मुंबईच्या माणसांनी घोळ घातला. थापा मारण्यात त्याचा हात धरणारा डहाणू तालुक्यात नव्हता.

सोनीबाई ओट्यावर बसून चाचपत चाचपत वाल सोलत होती. सून रूपी बाजूला उभी.

"आजी, गाडी खरंच येतेय. आधीचे फोन ना, मशीन बिघडल्यामुळे..."

"मशीन हसतं काय?" सोनीबाईने मान वर केली नाही. "तुझाच आवाज हाय. माझे डोळे गेलेत, कान नाय."

रूपीने तोंडाला पदर लावला. उरलेल्या दोन थापा परेशच्या घशातच राहिल्या.

"मीच होतो," तो म्हणाला. "मला वाटलं, फोन कुठे जातच नाही."

"जात होता. गाडी निघाली की फोन येईल असं शिबिरवाले बोलले होते, म्हणून पहिले तीन-चार दिवस मी गेली फाट्यावर. हिला काम सोडून माझा हात धरायला लागायचा. लोक विचारायचे, म्हातारे, कुणाची वाट बघतेस? मी सांगायची, डोळ्यांची."

"आज चल, आजी. पाया पडतो."

"पाया नको पडू. तू जा, फाट्यावर उभा राहा. गाडी आली की बोलवायला ये."

"मी प्रविणला फोन लावून विचारतो ना..."

"फोन नको."

परेश जाऊन उभा राहिला. सावली नव्हती. लांबून घरघर आली की तो टाचा उंचावायचा, ट्रॅक्टर निघायचा. कोयता घेऊन चाललेल्या पाड्यावरच्या हाल्याने विचारलं, "कोणाची वाट बघतोस, शेठ?" "गाडीची." "येणार नक्की?" परेशला हो म्हणवेना. ऑफिसात सेंड दाबलं की पापणी लवायच्या आत उत्तर यायचं. इथे रस्ता काहीच बोलत नव्हता. इथल्या माणसालाही उत्तर लागतं, कोणीतरी 'येतेय' नाहीतर 'येत नाही, घरी जा' सांगावं लागतं, हे त्याच्या एपीआयमध्ये कुठे लिहिलेलंच नव्हतं.

शेवटी गाडी आली. तो पाड्याकडे पळाला.

"आजी, आली."

"हात लावलास?"

"अं?"

"दिसली म्हणू नको. मलापण धुरकट दिसायची. जवळ गेली तर विटांचा ट्रक. हात लावून ये."

परेश तसाच माघारी पळाला आणि बॉनेटवर पंजा टेकवला. चांगलाच चटका बसला. प्रविणने खिडकीतून डोकं काढलं.

"परेशभाई, काय चाललंय?"

"खरी आहे का बघतोय."

तो ओरडून सांगायला वळला, तर रूपीचा हात धरून सोनीबाई वाटेला लागलीच होती. सावकाश, एकेक पाऊल चाचपत. प्रविणने हॉर्नकडे हात नेला. परेशने मान हलवून त्याला नको म्हटलं, आणि गाडीचं दार उघडून धरून उभा राहिला.