चमकी गोल होईपर्यंत

चमकी... संगणकाच्या पडद्यावर, अक्काच्या फोटोत, ती चिंचोक्यासारखी दिसत होती – आडवी, पसरट, दोन्ही बाजूंनी कुणी धरून ओढल्यासारखी. मधे लाल खडा, भोवती पांढरे. वडिवुला ती डोळे मिटूनही काढता आली असती, कारण लहानपणी अक्काच्या शेजारी निजताना तिच्या डोळ्यांसमोर सगळ्यात जवळ असायची ती अक्काच्या नाकातली ही चमकी, अक्काच्या श्वासाबरोबर हलणारी, आणि झोप येईपर्यंत वडिवु तिच्याकडेच बघत राहायची. चमकी गोल होती. आईने दोघींना सांगून ठेवलं होतं, ही थोरलीची, धाकटीला नंतर करू... ते नंतर कधी आलं नाही, पण त्याचं दुःख कधी नव्हतं. दुःख वेगळंच होतं.

अक्काच्या नातीचे कान टोचले, त्या वर्षीची ही गोष्ट. वैकासी महिन्यात कुलदैवताच्या देवळात मुलीला तिच्या मामाच्या मांडीवर बसवलं, बोकड पडला, सगळं गणगोत जेवून गेलं. आमंत्रणाच्या पत्रिकेत खाली नातलगांची नावं असतात, एकमेकांना खेटून, लग्नात फोटोला उभे राहतात तशी. त्यांत वडिवुचं नाव नव्हतं. पत्रिकाही दुसऱ्याच दुकानातून छापून आणलेली. कोविलपट्टीत कुणी मेलं की त्याचं अश्रूंचं, श्रद्धांजलीचं पोस्टर वडिवुच्या दुकानात जुळतं, पंचवीस-तीस नातेवाइकांची नावं ती बसवते, एखादा चुलत दीर राहून गेला तर माणसं भांडायला येतात, हे अक्काला माहीत नव्हतं थोडंच? वडिवु गेली नाही. नंतर कळलं, अक्काला पोटाचं काहीतरी निघालंय. तरी गेली नाही. बोलवू दे की तिनं. थोरली आहे ना... आडी महिना गेला, आवणी गेला.

आज पहाटे अक्काच्या मुलाचा, कदिरेसनचा, त्याच्या या चित्तीला – मावशीला – फोन आला.

"चित्ती, अम्मा गेली."

वडिवुने दिवा लावला.

"पोस्टर तूच कर," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाकडे दिलं तर ती उठून बसेल."

"फोटो?"

"माझ्या लग्नातला पाठवतो. नंतरचा धड एकही नाही. आजारात मोबाइल दिसला की तोंडावर पदर घ्यायची. म्हणायची, हे तोंड कुणी बघायचं नाही." मग तो म्हणाला, "माहेरचं वस्त्र आल्याशिवाय उचलणार नाही आम्ही. माहेरचं म्हणजे आता तूच आहेस. येणार ना?"

"बघते," वडिवु म्हणाली.

आणि म्हणून ती आत्ता बघत होती... पडद्याकडे.

पडदा परवापासून असा होता. नवरा गेल्यावर त्याच्या दुकानाबरोबर हा संगणकही तिच्या वाट्याला आला होता. आता तो आणि ती, दोघेही म्हातारे झाले. जुनी सिस्टीम आता कशालाच जुळेना, पलीकडच्या गल्लीतल्या प्रेसला फाइलसुद्धा जाईना, म्हणून आरोक्यमने येऊन त्यात नवी घातली. आरोक्यम गावातल्या निम्म्या दुकानांचे संगणक सांभाळतो, दोन लेकरांचा बाप आहे, बोलतो मात्र डॉक्टरसारखा. नवी सिस्टीम चालू झाली आणि सगळं जग जाड दिसायला लागलं. अक्षरं पसरली, माणसांचे गाल फुगले. खिडकी इकडून तिकडे सरकवली की तिच्या मागे तिचीच चित्रं राहून जायची, ओल्या पावलांसारखी, आणि मग सावकाश पुसली जायची. काही पुसलीच जायची नाहीत.

"हे काय केलंस रे?" तिने विचारलं होतं.

"मी नाही केलं, वडिवक्का. चित्र दाखवणारं तुमचं कार्ड जुनं आहे. त्याचं म्हणणं नव्या सिस्टीमला समजावून सांगतो तो ड्रायव्हर. कंपनीने तो करायचा सोडला."

"म्हणजे मेला?"

"मेला म्हणा."

"मग त्याचंही पोस्टर लावू. फोटो आण."

तो हसला होता, मग बोट उगारून म्हणाला होता, "नवं कार्ड आणेपर्यंत एक लक्षात ठेवा. पडद्यावर जाड दिसतं म्हणून काही बारीक करायला जाऊ नका. फाइल बरोबर आहे, छापून बरोबरच येणार. फक्त डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही."

ते तिने पाळलं होतं. काल एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक केला, त्याचे गाल भोपळ्यासारखे दिसत होते, तिने हात लावला नाही. एका मेलेल्या मास्तरांचं केलं. त्यांचा चष्मा कपाळभर पसरलेला – नाही लावला हात. परक्यांच्या चेहऱ्यांना डोळ्यांवर विश्वास लागत नाही. नाक नाकाच्या जागी, कान कानाच्या, झालं.

पण ही अक्का... ही बाई कोण होती? गाल दोन्ही बाजूंना ओघळलेले, कपाळ रुंद, ओठ ताणलेले, जणू कुणीतरी अक्काला आतून भरलं होतं. हिच्याशी मी भांडले नव्हते. हिच्याशी अबोला धरून मी इतके महिने काढले नव्हते. वडिवुने खिडकी सरकवली, आणि सरकलेल्या जागी एक डोळा तसाच राहिला, कोपऱ्यात, एकटा, न मिटणारा. तिने त्याच्यावर दुसरं काही ओढून पाहिलं, काढलं, डोळा तिथेच. बाहेर बसस्टँडकडून गुळाच्या पाकाचा वास येत होता, शेंगदाण्याच्या चिक्कीचे घाणे सुरू झाले होते. रस्त्यावर रोजचा दिवस होता. अक्काला पाक ताणायला आवडे. गरम पाकाचा धागा बोटांत धरून ती म्हणायची, बघ वडिवु, तुटत नाही... तुटायचा. मग ती दोन्ही टोकं चाटून जोडायची.

मध्ये केव्हातरी तिने चौकटीला पिवळी फुलं लावली, खाली समई ठेवली, "उगवली" आणि "मावळली" यांच्या पुढे तारखा घातल्या. नावं बसवली – मुलगा, सून, नात, दीर, व्याही. बहीण म्हणून स्वतःचं नाव घालताना ते कुठे बसेल ते कळेना, ती ते कडेला नेऊन परत आणत राहिली. शेवटी नातीच्या नावाखाली ठेवलं, तिथे कुणाची नजर जाणार नव्हती. पण सगळा वेळ तिचं लक्ष चमकीकडे होतं. चिंचोका. चमकी अशी कधी नव्हती. अक्का झोपेत कूस बदलायची तेव्हा ती वाकडी व्हायची आणि वडिवु अंधारात हात घालून, दोन बोटांनी, अक्काला जाग येऊ न देता, सरळ करायची... तशीच. अगदी तसाच तिचा हात गेला. फोटोची एक कड धरली आणि आत ढकलली, जरा आणखी, जरा – चमकी गोल होईपर्यंत. मग ती थांबली. समोर अक्का होती. गाल भरलेले, हनुवटी छोटी, लग्नघरातलं हसू. किती दिवसांनी बघितलं तुला, असं काहीतरी वडिवुच्या तोंडून निघालं, आणि तिने पुन्हा न बघता फाइल प्रेसला पाठवली, कदिरेसनलाही पाठवली. कदिरेसनकडून लगेच दोन शब्द आले – छाप, चित्ती.

त्यानंतर ती कपाटातून कोरी साडी काढून मांडीवर घेऊन बसली. हिरवी, लाल काठांची. जायचं की नाही हे ठरलं नव्हतं. साडी मांडीवर असली म्हणजे ठरल्यासारखं वाटत होतं, एवढंच.

दुपारी मुनियांडी आला. गावातल्या भिंतींवर पोस्टर चिकटवायचं काम त्याचं. सायकलीला खळीची बादली, कोपरापर्यंत हात पांढरे. एक पोस्टर त्याने तिच्यासाठी राखून आणलं होतं.

"सगळीकडे लावली, तायी. रेल्वे फाटकाजवळ पण. हा शेवटचा फोटो कुठून मिळवलात?"

"शेवटचा कसला? लेकाच्या लग्नातला आहे."

"मला शिकवताय?" मुनियांडी म्हणाला. "कागदाखालचे बुडबुडे जायला मी प्रत्येक तोंडावरून हात फिरवतो. गावातलं एक मेलेलं तोंड मी विसरत नाही. गेल्या महिन्यात तुमच्या अक्का दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या, मी पाणी दिलं. हे तेच तोंड."

तो गेल्यावर तिने पोस्टर उलगडलं. गालांत खळगे. डोळे मोठे, खोल. मान काडीसारखी, हसू तेवढंच राहिलेलं, पण ते आता अंगावर मोठं होणाऱ्या कपड्यासारखं. आणि चमकी उभी, तांदळाच्या दाण्यासारखी. वडिवुने पडद्याकडे पाहिलं. तिथे अक्का गोल होती. मग आरोक्यमचं बोट आठवलं. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही... म्हणजे चूक झाली. जाड दिसणाऱ्या चेहऱ्याला मी बारीक केलं आणि बारीकच छापून आलं. यात भुताखेताचं काही नाही, गणित आहे. ते तिला नीट कळलं. आणि तरीही कागद हातातून खाली ठेवता येईना, कारण हा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता, अक्काने कुणालाच दाखवला नव्हता, आणि तो तिनेच, स्वतःच्या हाताने काढला होता.

फोन वाजला.

"चित्ती," कदिरेसन म्हणाला. मागे बायकांचं रडणं होतं, पराईचा ढोल वाजत होता. "तू येऊन गेली होतीस?"

"कुठे?"

"आता लपवू नकोस. अम्मा सांगायची. म्हणायची, वडिवु आली होती, दुपारी, तुम्ही कुणी नव्हता तेव्हा. इथे कडेला बसली. माझी चमकी वाकडी झाली होती, ती सरळ केली. आम्हाला वाटलं, तापात बडबडतेय. मी तर एकदा ओरडलो तिच्यावर. म्हटलं, कुठली वडिवु? तू मेलीस तरी ती यायची नाही." मग तो म्हणाला, "पोस्टरवरचा फोटो बघितला तेव्हा कळलं, मी पाठवलेला लग्नातला नव्हेच तो. आम्हाला कुणाला काढू दिला नाही तिनं. तुला दिला. माणसं पोस्टरपाशी थांबतायत, म्हणतायत, शेवटी बहीण ती बहीण... पत्रिकेचं मनात ठेवू नकोस गं. ते माझं चुकलं होतं, तिचं नाही. तिनं पत्रिका बघितली आणि दोन दिवस जेवली नाही."

वडिवुने तोंड उघडलं. नाही रे, असं म्हणायचं होतं. संगणक बिघडलाय, असं म्हणायचं होतं. ड्रायव्हर, कार्ड, गणित...

"हं," ती म्हणाली.

"वस्त्र घेऊन येतेस ना? सगळे थांबलेत."

"हं."

फोन बंद झाला. ती उठली नाही. पडद्याच्या कोपऱ्यात तो डोळा अजून होता, आणि आता तो तिला परका वाटत नव्हता. दुपारची वेळ. अक्काच्या घराचं पुढचं दार नुसतं लोटलेलं असतं, कडी उचलावी लागत नाही. आत दोरीची खाट, उशाला पाण्याचा तांब्या, औषधाचा कडवट वास... हे मला कसं ठाऊक? औषधाचा वास कुणी सांगितला? खाटेवर एवढीशी अक्का, तोंडावर पदर, आणि माझी चाहूल लागताच तो पदर तिने स्वतः खाली घेतला. बघ, म्हणाली. मी बघितलं. चमकी नाकावर सैल झाली होती, उलटी फिरली होती. मी दोन बोटांनी... माझी बोटं गार होती, ती हसली. हे झालं नव्हतं. वडिवु कुठेही गेली नव्हती, इथेच या खुर्चीवर बसली होती, सगळे महिने, रुसून. हे तिला माहीत होतं. पण माहीत असणं आता बारीक बारीक होत चाललं होतं, आणि तिच्या बोटांना मात्र ती चमकी लागत होती, गरम, जरा ओलसर.

मांडीवरच्या साडीची घडी तिने नीट केली, पुन्हा मोडली, पुन्हा नीट केली.

वडिवुची अक्का शेंबगम, नातीचे कान टोचले त्याच वर्षी, पुरट्टासी महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी पहाटे गेली.