कोरड्या तळ्यावर न पोचलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची गाडी आहे; पण मी एकही शर्यत धावलेली नाही. ज्या जमिनीसाठी मला घडवलं, ती मी पाहिलेलीसुद्धा नाही. कलकत्त्याला बालीगंजमध्ये एका घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे मी बारा वर्षं उभी आहे.

माझे मालक श्यामकांत गुप्ते गार्डन रीचला जहाज बांधण्याच्या कारखान्यात इंजिनियर. त्यांचे वडील मीठ खात्यात होते, त्यामुळे त्यांचं लहानपण कच्छच्या छोट्या रणाच्या काठी गेलं. पावसाळ्यात तिथे उथळ पाणी साचतं. ते आटलं की मैलोन्मैल सपाट, टणक जमीन उरते. झाड नाही, दगड नाही. तिथे ते हात सोडून, डोळे मिटून सायकल चालवायचे. पुढे फुटपाथवर घेतलेल्या एका अमेरिकन मासिकात त्यांनी चित्रं पाहिली. तिकडचे तरुण जुन्या मोटारी कापून-छाटून अशाच आटलेल्या तळ्यांवर पळवत होते. झालं. १९६७ साली मल्लिकबाजारातून, जुन्या मोटारींच्या बाजारातून, त्यांनी मला आणलं. तेव्हा मी एका गिरणीसाहेबाने टाकून दिलेली १९३४ची फोर्ड होते.

त्यांनी माझं छप्पर चार इंच खाली आणलं. मडगार्ड, दिवे, बॉनेट काढून टाकलं. आठ सिलिंडरचं इंजिन उघडं झालं. त्यावर दोन कार्बुरेटर बसवले, आणि हवा ओढून घेणारी त्यांची दोन तोंडं आभाळाकडे राहिली. हवा अडू नये म्हणून त्यांना जाळीही ठेवली नाही. मी बंद असले की श्यामकांत त्या तोंडांवर स्वच्छ फडकं बांधून ठेवत.

त्यांच्या पत्नी सरलाताई दारात उभ्या राहून म्हणत, "अहो, छप्पर कापलंत, दिवे काढलेत. चाकं तरी ठेवणार आहात ना?"

एकदा लहानगी लीना शाळेतून आली ती रागावूनच. "आई, सगळी मुलं हिला पागलेर गाडी म्हणतात!"

"पागलेर म्हणजे वेड्याची. गाडीला नाही गं, ते तुझ्या बाबांना म्हणतात," सरलाताई म्हणाल्या आणि श्यामकांतच सगळ्यांत मोठ्याने हसले.

१९७०च्या थंडीत एका रविवारी सकाळी फोर्ट विल्यमजवळच्या रिकाम्या रस्त्यावर मी पहिल्यांदा पळाले. सरलाताई शेजारी बसल्या होत्या. उतरल्या तेव्हा त्यांचा अंबाडा सुटला होता. "रणावर मीही बसणार हं," एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या मला 'आमची' म्हणू लागल्या. माझ्या आयुष्यातली ती बारा मिनिटं सोडली, तर सांगण्यासारखं सुख दुसरं नाही.

पुढच्या मार्चमध्ये रणावर जायचं ठरलं होतं. रजा नामंजूर झाली. मग पावसाळा आला. शहर निर्वासितांनी भरलं, लढाई होणार असं सगळे बोलू लागले आणि कारखान्यात दिवसरात्र काम सुरू झालं. दर खंडेनवमीला श्यामकांत स्वतः माझी पूजा करत, चाकांना हळदकुंकू आणि स्टिअरिंगला झेंडूची माळ. १९७१च्या खंडेनवमीला त्यांचा निरोप आला: घरी येता येत नाही, पूजा तू कर.

सरलाताईंनी ती मनापासून केली. चाकं पुसली, समोर रांगोळी काढली. मग त्यांची नजर फडक्याकडे गेली.

"अगंबाई! तोंड बांधून का कोणाची पूजा करतात?"

"बाबा कधीच सोडत नाहीत ते," लीना म्हणाली. ती आत बसून गाडी चालवण्याचा खेळ खेळत होती.

"तुझे बाबा आधी चाकाला नमस्कार करतात, मग देवाला. त्यांचं काय सांगतेस!"

त्यांनी फडकं सोडलं. फुलाने पाणी शिंपडलं. कुंकवात भिजवलेल्या अक्षता त्यांना जिथे माझं कपाळ वाटलं तिथे वाहिल्या. ती कार्बुरेटरची तोंडं होती. लीनाचा पाय वेगाच्या पेडलवर होता, म्हणून आतली झडप उघडी होती. पाणी आणि तांदूळ सरळ खाली गेले, ते एका सिलिंडरमध्ये. मग सरलाताईंनी फडकं पुन्हा बांधलं, श्यामकांत बांधत तशीच घट्ट गाठ मारून. ओल आत राहिली.

मित्रांनो, लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की काय होतं ते तुम्ही शाळेत शिकता. मला ओरडून सांगता आलं नाही. कामाच्या रगाड्यात मला कोणी सुरू केलं नाही, आणि सहा महिन्यांत पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला धरून बसला.

मार्च १९७२मध्ये रजा मिळाली. मालगाडीची वॅगनही मिळाली, गुरुवारची. मंगळवारी सकाळी श्यामकांतांनी मला सुरू करायला घेतलं. मी हललेच नाही. त्यांचे मित्र कॅप्टन दत्तात्रय जीप घेऊन मदतीला आले होते.

"श्याम, इंजिन अडकलंय रे. तेल सोड, आठवडाभर मुरू दे. आपोआप सुटेल."

"वॅगन आठवडा थांबत नाही, दत्ता. मी गिअरमध्ये घेतो, तू ओढ."

"मोडेल हं."

"ओढ म्हणतो ना!"

जीपने मला हिसका दिला. माझ्या पोटात काहीतरी तुटलं आणि एक पोलादी दांडा इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. काळं तेल शेडपासून फाटकापर्यंत सांडलं. गुरुवारी ती वॅगन माझ्याशिवाय गेली.

रविवारी श्यामकांतांनी इंजिन उघडलं. तुटलेल्या सिलिंडरमध्ये गंजाला चिकटून सात-आठ फुगलेले लाल दाणे होते. त्यांनी ते खरवडून तळहातावर घेतले. तेवढ्यात मागून सरलाताई चहा घेऊन आल्या.

"काय सापडलं हो?"

त्यांनी मूठ मिटली. "काही नाही. गंज."

दुसरं इंजिन मिळालं असतं. त्यांनी शोधलं नाही. रणाचं नावही पुन्हा काढलं नाही. दर खंडेनवमीला सरलाताई माझी पूजा करत राहिल्या, अक्षता वाहत राहिल्या आणि दरवर्षी म्हणत राहिल्या, "त्या दिवशी जरा धीर धरला असतात, तर आज ही अशी नसती."

"हो," ते म्हणत, "माझीच घाई नडली."

ते खोटं नव्हतं. पण ते अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं त्यांनी सात वर्षं एकट्याने सांभाळलं. १९७८च्या पुरात शेडमध्ये कमरेएवढं पाणी तीन दिवस साचलं. आटलेल्या तळ्यासाठी घडलेली मी भरलेल्या तळ्यात उभी राहिले. त्यानंतर माझ्यात वाचवण्यासारखं काही उरलं नाही.

आता मला भंगारात दिलं आहे. काल लीना शेडमध्ये आली. ती विज्ञान शाखेत अकरावीला आहे. सहज म्हणून आत बसली आणि तिने पेडल दाबलं. समोर कार्बुरेटरची झडप करकरत उघडली. लीनाने पाय उचलला. झडप मिटली. पुन्हा दाबलं. मग तिला ती खंडेनवमी आठवली, पेडलवरचा आपला पाय आणि आईच्या हातातल्या अक्षता. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा थेट तिच्या बाबांसारखा दिसत होता, मूठ मिटतानाच्या. तीही कोणाला काही सांगणार नाही.

मित्रांनो, फडकं कशासाठी बांधायचं, हे श्यामकांतांनी एका वाक्यात सांगितलं असतं तर पुरलं असतं. जपणं ते स्वतःच करत आले, म्हणून सांगायचं राहून गेलं. तुमची जिवाची वस्तू माणसांच्या हाती द्याल, तेव्हा ते एक वाक्य सांगून द्या. वस्तूला बोलता येत नाही.

ट्रक थोड्याच वेळात येईल. सरलाताईंनी आत्ताच माझ्या तोंडांवर नवं फडकं बांधलं आहे, वाटेत धूळ जाऊ नये म्हणून.