गाळलेली ओळ

खट्! ड्रॉवर बंद झाल्याचा आवाज आला आणि लेकीची वेणी घालणारा तिचा हात थांबला. इतका वेळ घर कसं चिडीचूप होतं.

सासरे कपाटापाशी काहीतरी लपवत होते. आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस. हल्ली मात्र सुईत दोरा ओवला की काय शिवायचं तेच विसरायचे. तिने ड्रॉवर उघडला. बटणांच्या डबीत बटणांपेक्षा गोळ्याच जास्त! विसरणं थोडं लांबावं म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या, रोज सकाळी तिनेच त्यांच्या तळहातावर ठेवलेल्या.

“बाबा, अहो हे काय?”

“रागावू नकोस, सूनबाई. गोळीनं पोटात ढवळतं. तीन महिने झाले, मी तुमच्या कंपनीचा पाल्याचा काढाच घेतो. हे बघ पत्रक: ‘स्मरणशक्ती जपते, संशोधनाने सिद्ध.’ तू तपासलंयस म्हटल्यावर काय बघायचं?”

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पत्रकाच्या मूळ मजकुरात आणखी एक ओळ होती: ‘हे प्रयोग अजून उंदरांवरच झाले आहेत, डॉक्टरांची औषधं बंद करू नयेत.’ मालकांनी ती काटली होती. आणि लेकीला शाळेतून आणायच्या घाईत, कंपनीची पत्रकं तपासून मंजूर करणाऱ्या तिने मुकाट्याने सही ठोकली होती.

दुसऱ्या दिवशी तो मजकूर लिहिणाऱ्या संशोधक बाईंना तिने फोन करून कंपनीत बोलावलं.

“उंदीर वाचून बाटली कोण घेईल, मॅडम?” मालक हसले. “आणि पाल्यानं कुणाचं वाईट होतं का?”

“होतं!” संशोधक बाई उसळल्या. “या पानात गुण असेलही. मी अकरा वर्षं तेच शोधतेय, अजून छातीठोक सांगता येत नाही मला. तुम्ही एक ओळ काटून सांगून मोकळे! उद्या लोक म्हणतील, झाडच खोटं. झाड खोटं नाही हो, तुमचं पत्रक खोटं आहे!”

“आणि माझी सहीसुद्धा,” ती म्हणाली. “तिच्यावर विसंबून माझ्या सासऱ्यांनी गोळ्या सोडल्या, मालक. नातीला ‘ए पोरी’ म्हणतात आता. नाव सापडत नाही त्यांना! यापुढे अशा कागदावर मी सही करणार नाही. काढून टाका मला!”

मालकांनी पत्रक हातात घेतलं.

“माझ्या आईनंही सोडल्यात गोळ्या,” ते पुटपुटले. “मला वाटलं, काढ्यावरच भागतंय, बरंच झालं...” त्यांनी फोन उचलला. “छपाई थांबवा. दुकानांतला मालही परत मागवा.”

वाचकहो, राग झाडापाल्यावर नको. त्याच्या नावावर वाट्टेल ते खपवणाऱ्यांवर धरा, आणि ते बघून गप्प बसणाऱ्या आपल्यावरही! आपल्या माणसाची चालू गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्याही जाहिरातीवरून थांबवू नका.

डॉक्टरांना भेटल्यावर सासऱ्यांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. त्यांनी पहिली गिळली तेव्हा पाण्याचा पेला नातीनेच धरला होता.

“आई, आता आजोबांना माझं नाव परत आठवेल ना?”