बादलला खच्ची करायचं नाही

वर्तकनगरातल्या डॉ. योगिनीच्या दवाखान्यात येतात कुत्री, मांजरं, फार तर एखादा पोपट. पण तिची पीएचडी नर घोड्यांच्या प्रजननक्षमतेवर. लग्नकार्यात कुणी विषय विचारला की नणंद घाईघाईने "जनावरांचं काहीतरी" म्हणायची, आणि योगिनी मुद्दाम खणखणीत आवाजात अख्खा विषय सांगायची. लाजायचं काय त्यात?

मोहने गावच्या महिपतने तिला बोलावलं ते त्याच्या बादल घोड्याला खच्ची करायला. यंदा त्याला वरातीतून काढून पैदाशीला ठेवलं होतं. घरच्या तीन घोड्या, हंगाम उलटत आला, तरी पठ्ठ्या एकीवरही चढला नव्हता.

"यो घोरा नामर्द हाय, मॅडम. टाका कापून. परत वरातीला तरी उभा करीन."

योगिनीने बादलला नीट तपासलं. अंगात काही खोट नव्हती. घोडीजवळ नेला तर त्याने कान टवकारले, मान उचलली, आणि महिपतच्या हातातल्या छडीकडे बघून तो मागे सरला.

"वरातीत किती वर्षं होता?"

"पाच. शेजारी घोरी बघून खिंकालला, का देयाचो एक ठेवून. पाठीवर नवरदेव बसलेला, शिस्त नको?"

योगिनीच्या डोक्यात सणक गेली. "तुम्ही शिकवलंत, तो शिकला. मी याला कापणार नाही. आणि चार रविवार मी येईन, तोवर तुम्ही तबेल्यात पाऊल टाकायचं नाही."

"माज्याच तबेल्यान?"

"हो, तुमच्याच."

महिपतने दुसरा डॉक्टर आणायची धमकी दिली. "आणा," ती म्हणाली, "त्यालाही मी हेच ऐकवते." ती दारातून हलेना. शेवटी महिपतच्या बायकोने, कलावतीने, छडी चुलीत घातली आणि बादलचा दोर स्वतः धरला.

चौथ्या रविवारी बादल असा खिंकाळला की आळीतली माणसं बाहेर आली. तो घोडीवर चढला. उतरताना गळालेले थेंब योगिनीने कोमट काचपट्टीवर घेतले, कारण गार काचेवर घोड्याचं बीज तग धरत नाही. मग तिने महिपतला आत बोलावून मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं.

"आयला, यो तं नुसता वलवल करतंय!" महिपत बराच वेळ वाकूनच राहिला. मग आवाज उतरवून म्हणाला, "कागदावर काय लिवाल? औषधान बरा जाला असा लिवा. भावकी हसंल मना."

योगिनीने 'कारण' या रकान्यात लिहिलं: घोडा निर्दोष. मालकाचा मार. खाली सही ठोकली आणि कागद कलावतीच्या हातात दिला.