पाचवं प्रकरण

एकनाथनं छापील पानांचा गठ्ठा प्रतापच्या टेबलावर आपटला. कॉफी उडाली.

"केरू कुठाय?"

प्रतापची अमेरिकेतल्या ट्रॉय गावात छोटीशी प्रेस होती. त्यानं आधी टेबल पुसलं. "कोण केरू, यार?"

कोण केरू! बेल्जियममध्ये पोलोचं मैदान आखणारा, फुटबॉलचा क्लब काढणारा तो आर्मांसाहेब घोड्यावर नीट बसायला शिकला पुण्याच्या छावणीत. शिकवलं केरू मोतद्दारानं. साहेबानं त्याला बोटीत घालून सोबत नेलं. बारा वर्षं घोडे केरूनं तयार केले, कप साहेबानं उचलले. हा केरू म्हणजे एकनाथचा पणजा. दिवसभर मोटारींची ड्रॉइंगं काढून सहा वर्षं एकनाथनं साहेबाचं चरित्र लिहिलं, ते या एका प्रकरणासाठी. नाहीतर त्या गोऱ्याशी त्याचं काय घेणंदेणं?

"तुम्हा लोकांना आमचा माणूस नुसता लगाम धरून उभा असला तरी खुपतो," एकनाथ म्हणाला. "अमेरिकेत येऊनसुद्धा."

प्रतापचा चेहरा लाल झाला. कपाटातून त्यानं टाइप केलेली इंग्रजी मूळ प्रत काढली आणि एकनाथपुढे सरकवली.

एकनाथचं मराठी इंग्रजीत केलं होतं त्याच्या मुलीनं, हर्षितानं. पाचव्या प्रकरणावर वरपासून खालपर्यंत जांभळी रेघ होती. बाजूला तिच्या गोल अक्षरात इंग्रजी टीप : हे प्रकरण काढा. बाबांना मान्य आहे.

एकनाथनं ते दोनदा वाचलं. चष्मा शर्टाला पुसला आणि पुन्हा वाचलं.

"मला वाटलं, तुला माहीत आहे," प्रताप हळूच म्हणाला. "आतली पानं तर छापून झाली रे. कव्हर तेवढं सोमवारी."

"मग कव्हरचं एक लिहून घे."

बाहेर पार्किंगमध्ये हर्षिता गाडी चालू ठेवून बसली होती. एकनाथनं दार ओढून घेतलं, बेल्ट लावला.

"बाबा, व्हॉट डिड ही से?"

"तुझं अक्षर दाखवलं."

तिनं रेडिओ बंद केला.

"राकेशच्या घरी सगळे वाचणार होते, बाबा. त्याच्या आईला अजून आपल्या जातीचं काही माहीत नाही. लग्नानंतर मी सांगणारच होते."

"हं."

"आर यू मॅड ॲट मी?"

"कव्हरवरचं नाव काढायला सांगून आलो."

"माझं?"

"माझं," एकनाथ समोर बघत म्हणाला. "राकेशच्या आईनं विचारलं, हा लेखक तुमचा कोण, तर तुला खोटं बोलायला नको."