माझ्या दारावरचे कोबी

मित्रांनो, मी एक जुनी बोट आहे. समुद्रातली नव्हे हं! लाटा मला सोसायच्या नाहीत. मी इंग्लंडच्या अरुंद कालव्यातली, पन्नास फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद. नाव मॅरिगोल्ड. माझा वेग माणसाच्या चालण्याइतका. बदकंसुद्धा मला मागे टाकून जातात, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

बस चालवून थकलेल्या सिरिलनं निवृत्तीनंतर मला घर केलं. त्याची बायको हेटी माझ्या पोटात स्टोव्हवर केटली ठेवायची. सकाळचं धुकं, वाकलेली झाडं, संथ पाणी... अजून डोळे मिटले की तेच दिसतं. आमच्या कालव्यावरच्या रीतीप्रमाणे सिरिलनं माझ्या मागच्या लाकडी दारांवर गुलाब रंगवले. काय गुलाब होते! काठावरून जाणारे लोक थबकून बघत आणि मी आपली फुगून बसे.

मग सिरिल गेला. हेटीनं मला हलवलंच नाही. रंगाचे पोपडे उडाले, जमीन कुरकुरू लागली, पण गुलाबांवर मात्र ती दर वसंतात व्हार्निशचा नवा हात फिरवी. चूक झाली ती तिथेच. ओल आत कोंडली आणि लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालं. दारालगतच तिचा बिछाना. पाऊस झिरपे आणि ती रात्रभर खोकत राही. डॉक्टर म्हणाले, या ओलीत हिवाळा काढायचा नाही. तिची मुलगी तिला शहरात नेणार होती. आणि मला? भंगारात!

एका सकाळी शेजारच्या बोटीवरची मॅव्हिस आली. दारावर हाताचं बोट दाबलं, तर ते आतच गेलं.

"हेटी, हे सडलंय गं. काप आणि टाक."

"सिरिलच्या हातची फुलं आहेत ती. करवत लावू त्यांना?"

"मग काय, बुरशी लागलेली चालली असती त्याला? चहात साय आली तरी तोंड फिरवायचा मेला!"

हेटी आधी हसली, मग रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तुझी करवत दे."

नवं लाकूड कुठून आणायचं? एका बंद पडलेल्या शाळेचे बाक मिळाले. त्यांची दारं झाली, उरलेल्यांची जमीन झाली. रंग म्हणजे मॅव्हिसच्या डब्यांतला उरलासुरला, एकत्र ढवळलेला. पहिल्या दिवशी हेटी उत्साहाच्या भरात तिन्हीसांजेपर्यंत रंगवत बसली. दव पडलं आणि सगळी चकाकी दुधाळ होऊन गेली!

"दुपारनंतर ब्रश धुवायचा, एवढं सिरिलनं शिकवलं नाही होय तुला?" मॅव्हिस करवादली. पण दुसऱ्या दिवशी घासायला तीच आधी हजर.

शेवटी गुलाब. ते हेटीनं स्वतः काढले. मॅव्हिस मान तिरकी करून बघत राहिली.

"बाई गं, हे कोबी आहेत का?"

"गुलाब आहेत!"

"बरं. मग सूप कधी करतेस?"

दोघी हसता हसता काठावरच बसल्या. जुन्या दाराच्या एका कोपऱ्यात सिरिलचा एक गुलाब धड उरला होता. तेवढा तुकडा हेटीनं कापून उशाशी टांगला.

हिवाळा आला. बाहेर पाऊस मुसळधार कोसळत होता. मी जीव मुठीत धरून रात्रभर कान देऊन राहिले. खोकला नाही. बिछाना कोरडा. सकाळी तिनं मुलीला फोनवर सांगितलं, "मी इथेच राहणार."

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे, ते नुसतं जपून ठेवू नका. खराब झालं तर हात घाला, वेडंवाकडं झालं तरी चालेल. आता आम्ही पुन्हा फिरतो. लोक थबकतात, माझ्या दारांकडे बघून गालात हसतात. आणि मी माझे कोबी मिरवत, बदकांच्या मागून, हेटीला घेऊन धुक्यातून पुढे जाते.