बसाले गेले होते काय?

जिल्ह्यातले डॉक्टर नवा दवाखाना उघडताना आधी देवाचा फोटो लावतात आणि लगोलग ॲडव्होकेट प्रेमानंद इंगळेंचा नंबर मोबाइलमध्ये घेतात. दोघांचीही आठवण वेळ आल्यावरच होते. डॉक्टरांवरच्या हलगर्जीपणाच्या केसेस लढण्यात इंगळेंचं अर्धं आयुष्य गेलं. बुलडाण्याच्या ग्राहक आयोगात ते उभे राहिले की समोरचे वकील पाणी मागवतात.

धामणगाव बढ्याचे डॉ. गजेंद्र त्यांच्याकडे आले ते घामाघूम होऊन. पंजाबराव नावाचे पेशंट छातीत कळ घेऊन आले होते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, स्वतः ॲम्ब्युलन्समध्ये बसून बुलडाण्याला निघाले, आणि पंजाबराव वाटेतच गेले. आता त्यांच्या बायकोने, रुखमाबाईंनी, केस केली होती.

इंगळेंनी कागद पाहिले. उपचारात खोट नव्हती. मग त्यांनी प्रत्येक डॉक्टरला विचारतात तोच प्रश्न विचारला.

"बसाले गेले होते काय त्यायच्या घरी?"

"नाही. डॉक्टरांच्या ग्रुपवर आलं होतं, मयताच्या घरी सांत्वनाला जाऊन बसू नका, कबुली दिल्यासारखं होतं."

"मंग ग्रुपलेच लढू द्या. नाहीतर आधी जाऊन या."

"तुम्ही माझे वकील आहात की त्यांचे सोयरे?" डॉक्टर म्हणाले, आणि गेले नाहीत.

आयोगासमोर इंगळेंनी रुखमाबाईंना एकच प्रश्न विचारायची परवानगी घेतली. "मावशी, डॉक्टरचं चुकलं काय?"

"औषधाचं मले काय समजते, बापा? अख्खं गाव बसाले आलं. एसटीचा कंडक्टर आला. ज्याच्या हातात माणूस गेला, थोच नाही आला. काऊन नाही आला? कायीतरी केलंच असन ना त्यानं!"

रुखमाबाईंच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. केस संपली होती. इंगळे उठले आणि त्यांनी पुढची तारीख मागितली.

बाहेर डॉक्टर भडकले. "जिंकलेली केस होती, साहेब!"

"हाव, जिंकू ना. निकाल दवाखान्याच्या दारावर चिटकवा. पण वाचाले कोण येऊन राह्यलं तिथं?"

कोणीच येत नव्हतं. शेजारचा मेडिकलवालासुद्धा भरदुपारी शटर ओढून झोपत होता.

रविवारी डॉक्टर गेले. रुखमाबाईंनी सतरंजी टाकली.

"लवकर आले," त्या म्हणाल्या.

डॉक्टर खाली मान घालून बसले. रुखमाबाईंनी विचारलं, "शेवटी काही बोलले काय ते?"

हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि ग्रुपनं त्यालाच घरी बसवलं होतं.

"बोलले. म्हणाले, रुखमाले सांगा, म्हशीखाली बसू नको, लाथ मारते."

रुखमाबाईंनी पदर तोंडाला लावला. मनसोक्त रडून झाल्यावर त्या कडाडल्या, "मारली ना! कवाच मारली! तवाच येऊन सांगतलं असतं तर?" आणि सुजलेला गुडघा त्यांनी पुढे केला. डॉक्टरांनी तो तिथंच सतरंजीवर तपासला.

पुढच्या तारखेला केस मागे. आयोगाच्या सदस्यांनी कारण विचारलं. "आला बसाले," रुखमाबाई म्हणाल्या.

इंगळेंच्या जिंकलेल्या केसेसमध्ये ही धरता येत नाही, असं वकील मंडळी सांगतात. दवाखान्यात मात्र पुन्हा रांग लागते. रुखमाबाई त्या रांगेत थांबत नाहीत. थेट आत जातात.